शेठचा पासवर्ड

त्याला शेठ म्हणायला सुरुवात झाली ती चेष्टेत. तो झेरॉक्सची मशीन दुरुस्त करत फिरायचा, बोटांना कायम काळी पावडर. डिजिटल नाण्यांचं कुणी नावही ऐकलं नव्हतं, तेव्हा त्याने ती घेऊन ठेवली, आणि मित्रांनी हे नाव पाडलं. पुढे नाण्यांचा भाव आभाळाला भिडला. चेष्टा करणारेच त्याच्या शेजारची खुर्ची पकडू लागले. शेठ मात्र तीच बॅग खांद्याला लावून फिरत राहिला. "विकू की, घाई काय आहे?" एवढंच म्हणायचा.

तो अचानक गेला आणि घरात उभी फूट पडली. नाणी अंगठ्याएवढ्या एका यंत्रात होती, यंत्राला पासवर्ड होता, आणि बायको म्हणत होती, "मला माहीत नाही." कुणाचा विश्वास बसणार? शेठच्या थोरल्या भावाचं, दादाचं, ड्रायव्हिंग स्कूल होतं. नाणी घेताना निम्मे पैसे आपले होते असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. त्याने वकील गाठला. सासूने सुनेशी बोलणं टाकलं.

कोर्टाने आधी मध्यस्थांकडे पाठवलं. छोटीशी खोली, डगमगणारं टेबल, पलीकडे चष्मा पुसत बसलेल्या मध्यस्थ बाई.

"मला सगळं नकोय," दादा म्हणाला. "पण आम्हाला वेड्यात काढू नकोस. तो तुला सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हता."

शेठच्या बायकोने टेबलाचा डगमगणारा कोपरा दाबून धरला. मग म्हणाली, "दादा, पासवर्ड त्यांनाच आठवत नव्हता."

"काय?"

"मागे त्यांना चक्कर आली होती ना, ती चक्कर नव्हती. मेंदूला झटका बसला होता. तुम्हाला आणि आईंना सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला. हातपाय धड राहिले, म्हणून कुणाला कळलं नाही. पण शब्द निसटायचे. चमचा हवा असला की किल्ली मागायचे. हळूहळू शब्द परत आले, पासवर्ड नाही आला. लिहून ठेवलेलं चोरीला जातं म्हणून कुठे लिहिलाही नव्हता. आणि यंत्र असं, की ठरावीक वेळा चुकलं की सगळं पुसून टाकतं. त्यामुळे जपून, आठवून आठवून एकेक शब्द घालून बघायचे."

 दादाच्या डोक्यात भलतंच काही सुरू झालं होतं.

"म्हणून मला फोन करायचा," तो सावकाश म्हणाला. "आपल्या कुत्र्याला काय हाक मारायचो, गणिताचे सर मला काय चिडवायचे, पहिली सायकल कुठल्या रंगाची... मला वाटायचं, इतक्या वर्षांनी भावाला माझी आठवण येतेय. मी क्लास सोडून बोलत बसायचो. आणि तो पासवर्ड शोधत होता."

"सुरुवातीला शोधत होते, खोटं नाही बोलणार. पण तुम्ही सायकलचं सांगितलंत, त्या दिवशी सायकलसकट ओढ्यात कसे पडलात ते मला सांगता सांगता हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्राला हातही लावला नाही. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी फोन लावायचे. मी म्हटलं, आता काय राहिलंय? तर म्हणाले, दादा बोलायला लागला की मला शब्द सापडतात."

दादाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलू लागले तशा मध्यस्थ बाई फाइल तिथेच टाकून बाहेर निघून गेल्या.

खटला मागे घेतला गेला. शेठने घालून न पाहिलेले तीन शब्द उरले होते, आणि यंत्रात दोनच संधी शिल्लक होत्या. एका दुपारी दोघं तिच्या स्वयंपाकघरात यंत्र घेऊन बसले. तिने कुत्र्याचं नाव घातलं, चुकलं. दादाला सरांनी ठेवलेलं टोपणनाव हवं होतं, तिला ओढा. भांडण जुंपलं, आणि भांडता भांडता दोघंही हसायला लागले. अखेर टोपणनाव घातलं. पडदा कोरा झाला.

"गेले?"

"गेले."

तिला रडू आलं. मनात कुठेतरी आशा होतीच. एवढं मोठं घबाड हातचं गेल्यावर कुणालाही रडू येईल. दादाने तिला रडू दिलं, आणि गॅस कसा पेटतो ते न कळल्यामुळे तीन काड्या वाया घालवून तिच्यासाठी चहा केला. बेचव होता. तिने संपवला.

सासूला हे आजतागायत पटलेलं नाही. सुनेशी बोलते, पण संशय आता थोरल्यावरही आहे. "दोघांनी मिळून खाल्लेत," म्हणते.

"हो आई," दादा म्हणतो, "आणि ढेकरही दिला."