मुकणं आणि चुकामूक

मी बोलतोय. लाल कापडी बांधणीचा, इंग्रजीचं इटालियन करून देणारा शब्दकोश. आधीच कबूल करतो, एका जिवंत बाईला मी मारलं होतं. त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या शिवणीतून गेलेला नाही.

माझा जन्म इटलीतल्या तोरीनो शहरात, छापखान्यात. तिथून मी टेकडीवरच्या या गावात आलो, शाळेच्या एर्मेलिंदाबाईंकडे. बाई इंग्रजी शिकल्या त्या माझ्याकडूनच. इंग्रज माणूस त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. परदेशातून कागद आला की लोक बाईंकडे येत आणि बाई मला उघडत. मला त्याचा भारी तोरा होता.

जड शब्दांचा मला त्रास नाही. छळतात ती रोजची क्रियापदं. 'मिस' घ्या. इंग्रजाची गाडी मिस होते, नेम मिस होतो, बायको दूर गेली की तीही मिस होते. 'बोट मिस केली' म्हणतो तेव्हा तर आसपास पाणीसुद्धा नसतं, नुसती संधी हुकलेली असते. आमच्याकडे दर खेपेला निराळा शब्द लागतो. आणि माणसाला 'मुकलो' म्हटलं, की तो माणूस गेलाच.

एका वसंतात सेकोंदोची बायको देल्फिना इंग्लंडला लेकीकडे निघाली. जन्मात पहिल्यांदा तिनं गाव सोडलं. तिसऱ्या दिवशी इंग्रज जावयाची तार आली. त्यात चारच शब्द होते, 'मिस्ड मदर ॲट स्टेशन'.

सेकोंदो द्राक्षमळ्यातून तसाच आला. बाईंनी मला उघडलं. 'मिस'खाली पहिलाच अर्थ, मुकणे. बाकीचे पुढच्या पानावर, बारीक अक्षरात. पान उलटा हो बाई, मी आतल्या आत ओरडत होतो. बाईंनी पहिलीच ओळ वाचली. त्यांनी मला मिटलं.

"काय म्हणतोय जावई?"

"सेकोंदो, बसा जरा."

"उभाच बरा आहे. सांगा."

"स्टेशनवर आईला मुकलो, असं लिहिलंय."

सेकोंदो मग बसला. म्हणाला, "तो जाड कोट घालू नको म्हटलं होतं. उकडलं असेल तिला."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या भिंतीवर काळ्या चौकटीतलं निधनपत्र लागलं. सेकोंदोनं कोटाला दुखवट्याचं काळं बटण लावलं. बायका त्याच्यासाठी गरम सूप घेऊन आल्या. मी बाईंच्या टेबलावर सुन्न पडून होतो.

दुपारी सेकोंदो बाईंकडे बसला असताना बारवाली जेम्मा धावत आली. "सेकोंदो, इंग्लंडहून फोन आहे, चल." इंग्रजी बोलावं लागेल म्हणून बाईंनी मला काखोटीला मारलं. बारमध्ये सेकोंदोनं फोन कानाला लावला, आणि पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"कोंबड्यांना दाणा घातलास का?"

सेकोंदोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, ऐकतोयस ना? स्टेशनात जावई एका दाराशी, मी दुसऱ्या. दोन तास चुकामूक. मी निघालेच नाही असं वाटून तार ठोकलीन त्यानं. घातलास का दाणा?"

"घातला," सेकोंदो म्हणाला.

"रडतोयस की काय?"

"सर्दी झालीय."

बाईंनी मला काखेतून काढून पान उलटलं. माझ्या पुढच्या पानावर तोच शब्द होता, चुकामूक.

महिन्याभरानं देल्फिना परतली. स्वतःचं निधनपत्र तिनं उभ्या उभ्या वाचलं. "वय दोन वर्षांनी वाढवलंय मेल्यांनी," म्हणाली आणि कागद भिंतीवरून काढून, बाईंकडे येऊन माझ्या 'मिस'च्या पानात ठेवून दिला. "राहू द्या खूण, बाई. पुढच्या वेळी पान उलटाल."

अकरा वर्षं ती खूण तिथेच होती. मग एका सकाळी सेकोंदो पुन्हा दारात आला. देल्फिना आठवडाभर शहरातल्या इस्पितळात होती. तिथून आलेला कागद त्यानं बाईंपुढे ठेवला.

बाईंनी वाचला आणि चष्मा काढला. "सेकोंदो, हे आपल्याच भाषेत आहे."

"ठाऊक आहे. तरी पुस्तक काढा."

"अहो, यात इंग्रजी काहीच—"

"पान उलटून बघा, बाई. मागे निघाला होता दुसरा अर्थ."

आता माझी शिवण सुटलीय, लाल रंग विटलाय. मला हाताळणाऱ्यांनो, कितीही घाई असली तरी एक पान पुढे बघत जा. त्या सकाळी बाईंनी खुणेपाशी मला उघडलं. पान उलटलं, पुन्हा उलटलं. सेकोंदो माझ्यावर वाकून वाट बघत राहिला, आणि माझ्याकडे दुसरा अर्थ नव्हता.