मागच्या मोरीतला नळ

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या पंचफुलानं पाय लांब करून बाळाला त्यावर पालथं घेतलं आणि हात नळाखाली धरला. पाणी गारच होतं. तिनं थोडा वेळ वाहू दिलं, पुन्हा बोटं धरली. काही फरक नाही. मग विमलबाईंनी स्वयंपाकघरातून वाफाळती बादली उचलून आणली आणि दारात टेकवता टेकवता कमरेला हात लावला. न्हाणीतल्या नळाला गार पाणी येण्याचा आजचा हा सहावा दिवस होता.

डिसेंबरातलं बुलढाणं, त्यातून घर पठाराच्या कडेला. गच्चीवर सोलर होतं, त्यातलं पाणी हात पोळेल इतकं तापत होतं. स्वयंपाकघरात नळ सोडला की कढत पाणी येई. नेमकं मागच्या बाजूच्या न्हाणीतच येत नव्हतं, आणि बाळंतिणीची खोली त्याच बाजूला. विमलबाईंची लेक प्रतीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिझरचे टाके अजून ओले होते. परवा अंगावर मध्येच गार पाण्याची धार आली तशी ती भिंत धरून थरथरत उभी राहिली होती. तेव्हापासून विमलबाईंचा संताप तुळशीरामवर होता. दोन वर्षांपूर्वी या न्हाणीचे पाइप त्यानं बसवले होते. त्यानं भिंतीत हलका पाइप घातला, तो आतून बुजला, असं त्या गल्लीत चार घरी सांगून आल्या होत्या.

तुळशीराम आज छिन्नी-हातोडा घेऊनच आला. आधी दोनदा येऊन गेला होता. नळ खोलून पाहिले, जाळ्या धुतल्या, गच्चीवर चढून आला. आता भिंत फोडण्यावाचून इलाज नाही, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. पाइप बुजलेला निघाला तर सगळं काम पुन्हा करून देईन, एवढंच पुढं म्हणाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

पंचफुलानं बाळाला पुसून, शेक देऊन प्रतीक्षाकडे दिलं आणि लंगोट धुवायला न्हाणीपलीकडच्या मागच्या मोरीत गेली. तिथं गरम आणि गार अशा दोन चाव्यांचा नळ होता. त्याला रबरी नळी जोडलेली, नळीच्या टोकाला दाबायचं बटण. विमलबाई तो कधी वापरत नसत. पंचफुलाला मात्र पहिल्याच दिवशी आवडला. दोन्ही चाव्या फिरवून तिनं हाताला सोसेल असं पाणी जमवलं, ते इतकं नेमकं जमलं की पुन्हा मोडावंसं वाटेना. चाव्या तशाच उघड्या ठेवून ती नुसतं बटण सोडून द्यायची. नळी बंद, की पाणी बंद.

लंगोट पिळून ती उठली आणि तोल सावरायला तिनं भिंतीवरचा गरम पाण्याचा उघडा पाइप धरला. चांगला कोमट होता. तेवढ्यात आत तुळशीरामनं शेवटचं पाहावं म्हणून न्हाणीतला गरम नळ सोडला. पंचफुलाच्या तळव्याखालचा पाइप बघता बघता गार पडला.

ती तशीच उभी राहिली. एकतीस वर्षं तिनं लोकांची बाळं आणि बाळंतिणी न्हाऊ घातल्या होत्या. वाचता येत नव्हतं, पण पाणी तिच्या हाताला कळत होतं. तिनं गार पाण्याची चावी बंद केली. हळूहळू पाइप तापू लागला. उघडली, पुन्हा गार. नळीचं तोंड बंद असलं तरी दोन्ही चाव्या उघड्या होत्या. गार पाण्याचा जोर जास्त, ते नळातूनच गरम पाइपात शिरत होतं आणि न्हाणीपर्यंत जात होतं. स्वयंपाकघर अलीकडं, म्हणून तिथं पोचत नव्हतं.

आणि ती या घरी येऊन सहाच दिवस झाले होते.

चाव्या गुपचूप बंद केल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. पाणी आपोआप आलं म्हणून सगळे सुटले असते, तुळशीरामच्या नावावरचा डाग तेवढा राहिला असता. खरं सांगितलं तर बाळंतिणीला गार पाण्यानं न्हाऊ घालणारी बाई म्हणून आपलं नाव गल्लीभर होईल, हे तिला दिसत होतं. उद्या कोण बोलावणार? आतून छिन्नीवर पहिला ठोका ऐकू आला.

पंचफुला ओल्या हातानंच धावली.

"भित फोडू नोका, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या कामात काई खोट नाई. हे माह्यामुळं झालं."

तिघांना मोरीत नेऊन तिनं पाइप धरायला लावला, चाव्या उघडून, मिटून दाखवल्या. तुळशीरामनं दोनदा हात लावून पाहिला. न्हाणीतून वाफ येऊ लागली तसा त्यानं छिन्नी-हातोडा खाली ठेवला.

"हे मले सुचाले पायजे होतं," तो म्हणाला. "इथं उलटं पाणी अडवायचा व्हॉल्व्ह मीच बसवला नाई. उद्या बसवून देतो."

पंचफुला पदराला हात पुसत राहिली. शेवटी प्रतीक्षाच हसू लागली, टाक्यांवर हात दाबून.

"माय, त्यायले चहा तरी दे. चार घरी सांगून आली होतीस ना?"

"हाव," विमलबाई म्हणाल्या. "त्या चारी घरी जातो आता."

चहा घेऊन तुळशीराम गेला. भिंतीवर एका फरशीचा टवका उडाला होता, तेवढाच. त्या दिवशी प्रतीक्षाला पंचफुलानं मनसोक्त न्हाऊ घातलं. वाफेत बसल्या बसल्या पोरीचे डोळे मिटत होते. बाळ-बाळंतीण झोपली तशी पंचफुलानं आपली पिशवी उचलली. उद्या येऊ का, हे विचारायचं तिच्या ओठांवर होतं.

"थांब," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी न्हाणीतला नळ सोडून घमेलं भरलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि पाटासमोर ठेवलं. "बस. किती भेगा पडल्या तुह्या पायाले. उद्या दहाले ये, आज ऊन उशिरा आलं होतं, सोलर तापाले येळ लागते."

पंचफुला पाटावर बसली. पाय पाण्यात बुडाले. समोर बाळ नव्हतं, लंगोट नव्हते, आणि हातांचं काय करावं हे तिला थोडा वेळ कळेना.