वेशीवरची भाकर

हिंगणझरीचे माग बंद पडले आणि गावाचा आवाजच बसला. मिलच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं कोण घेणार? उमरेडची एसटी यायची ती रिकामी आणि जाताना गावातली तरणी पोरं भरून न्यायची. अशा वेळी सरपंच मधुकरराव पाटलांच्या डोक्यात राजेशाही शिरली. हिंगणझरीला जुन्या भोसलेकाळातलं गाव करायचं. बाजारओळीला लाकडी कमानी, दुकानांवर सज्जे आणि गावाच्या तोंडाशी दोन बुरजांची वेस. नागपूरची माणसं आईतवारी पाहायला येतील, लुगडी नेतील, माग पुन्हा चालतील.

खोटं कशाला बोला, गाव वेड्यासारखं राबलं. बौद्धपुऱ्यातली सुभद्राही राबली. नवरा खाणीत दबून गेलेला, घरात सासरा रामाजी आणि धूळ खात पडलेले दोन माग. तिने डोक्यावर चुन्याच्या पाट्या वाहिल्या. बुरूज उभे राहिले तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वेस बौद्धपुऱ्याच्या अलीकडे बांधलीय, पुरा बाहेरच राहिला. तिने विचारलं तर पाटील हसले. पूर्वी होतं तसंच करायचं, त्याशिवाय पाहुण्यांना अस्सल मजा कशी येणार, असं म्हणाले.

मग जुन्या गावाला वेशीची राखण करणारा वेसकर लागला. रामाजीने तरुणपणी वेसकराची घुंगरांची काठी वागवली होती, मालकांची शिळी भाकर पदरात घेतली होती. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्याने ती काठी मोडून चुलीत घातली. पाटील आता स्वतः दारात आले. वाकायचं नाही, मागायचं नाही, नुसता पहारेकऱ्यासारखा उभा राहा, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. सुभद्रा भांडली, जेवली नाही. म्हातारा मात्र कबूल झाला.

"गावाचे माग चालले त आपलेबी चालतीन वं," तो म्हणाला. "उभं राहिलो म्हून मी काही कोणाचा वेसकर नाही होत."

आईतवारी बसा आल्या. पागोटं बांधून, नवी काठी धरून रामाजी ताठ उभा होता. शोभतही होता मेला, सुभद्रेलाही ते कबूल करावं लागलं. पण पाटलांच्या अंगात आलं. वेशीवरच्या सज्ज्यात पाहुण्यांना घेऊन उभे असताना एका साहेबाने विचारलं, वेसकराला काय मिळायचं? पाटलांनी घरातून भाकर मागवली आणि रामाजीला धोतराचा सोगा पसरायला सांगितलं. रामाजीने पसरला नाही. पाटलांनी हसत हसत भाकर वरून टाकली. ती म्हाताऱ्याच्या छातीवर आपटून धुळीत पडली. लोकांनी कॅमेरे वर केले.

"उचल ना गा रामाजी," पाटील वरून म्हणाले. "पाहुणे थांबून राहिले."

रामाजीने भाकर उचलली. सुभद्रेला वाटलं, धरणी फाटावी. म्हातारा मात्र बुरजाच्या पायऱ्या चढला, सज्ज्यात गेला, डाव्या हाताने पाटलांची मान भिंतीला दाबली आणि उजव्या हाताने ती माती लागलेली भाकर त्यांच्या तोंडात कोंबली. ओठ फाटला, दात हलला, तरी कोंबत राहिला.

"खा पाटील. जुन्या काळची हाय."

पाटलांच्या पुतण्याने त्याला पाय धरून खाली ओढलं. प्रत्येक पायरीवर डोकं आपटल्याचा आवाज सुभद्रेने ऐकला. खाली काठ्या होत्या, लाथा होत्या. काल तिच्याबरोबर चुना कालवणारी माणसं होती ती. सुभद्रा त्यांच्यात घुसली. एकाचा हात रक्त येईस्तोवर चावली, दुसऱ्याच्या कानावर दगड घातला. कुणीतरी केस धरून तिला फरफटत नेलं. दिवस मावळायच्या आत त्यांनी बौद्धपुरा पेटवला. वर्षानुवर्षं तेल प्यायलेले माग तेवढे बराच वेळ जळत राहिले. पाहुणे बसचा हॉर्न वाजेपर्यंत पाहत होते.

नागपूरच्या दवाखान्यात नेता नेताच रामाजी गेला. पोलिसांनी चार जणांना नेलं आणि आठवड्यात सोडलं.

पुढच्या आईतवारी दुप्पट बसा आल्या. पेपरात आलं होतं ना. पाहुणे वेस पाहून थेट पुऱ्यात येत. बाजारात चहाला दूध पुरेना, ज्याच्या त्याच्या तोंडावर तेज आलं. सुभद्रा छप्पर नसलेल्या घरात चूल पेटवून बसली होती. एक बाई चौकटीतून डोकावली आणि मोठ्या हळव्या आवाजात तिने विचारलं, त्या म्हाताऱ्याचं घर हेच का.

"हेच," सुभद्रा म्हणाली. "तुमचं घर कुठी आहे बाई? तुमच्या इकडे कोणी मेलं त सांगजा. मीबी येईन पाह्याले."

बाई वरमून मागे सरली. पण तिच्या मागे एक गृहस्थ होता, त्याच्या मागे आणखी माणसं, आणि त्या गृहस्थाने तर मुलीला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा सुभद्रेने चुलीतलं पेटतं लाकूड ओढलं. मुलीला तिने जपलं, बापाला नाही. त्याची मांडी भाजली. मग जो समोर येईल त्याला हाणत ती पार बसगाड्यांपर्यंत गेली. माणसं चपला टाकून पळाली. किती तरी जणांची कातडी सोलली, एकाचा हात मोडला, आणि तिला थांबवायला कुणी पुढे आलं नाही.

त्यानंतर हिंगणझरीत पाहुणा फिरकला नाही. बुरूज पुढच्या पावसाळ्यात बसले. आजही तिथल्या कुणालाही विचारा, चालायला लागलेलं गाव बुडवलं कुणी? लोक सुभद्रेचं नाव सांगतात.