सत्तावीस नंबरची सायकल

साडेआठची वेळ ठरलेली होती आणि घड्याळात सव्वानऊ वाजून गेले होते. अंबूबाई कधीच्या तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. कडेगावचं घर बंद करून नवरा-बायको उपचारासाठी सांगलीत, विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आले होते. व्यायाम घेणारी सुंदरी रोज सकाळी यायची आणि तिच्यामुळेच अंबूबाई आता भिंतीला धरून चार पावलं टाकू लागल्या होत्या.

त्यांचे पती हंबीरराव अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उशीर हा शब्द त्यांना सहन होत नसे.

दार वाजलं. सुंदरी आत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आजबी उशीर!" हंबीरराव गरजले. "आजारी माणूस वाट बघत बसतंय, त्याचं काय वाटतंय का न्हाई? फौजेत असतीस तर ग्राउंडाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या!"

"चकराच मारतेय की काका," सुंदरी थकून म्हणाली. "नांद्र्याहून बसनं येते, मग सकाळी पाच घरं करते. आधी सायकल स्टँडवरची सार्वजनिक सायकल घ्यायचे, एका घरातून दुसऱ्या घरी दहा मिनिटांत पोचायचे. आता स्टँडवर सायकलीच नसतात. महिना झाला, सगळं चालतच करते." ओढणीनं घाम पुसत ती पुढे म्हणाली, "एक सत्तावीस नंबरची होती. तिचं सीट माझ्या उंचीला बरोबर बसायचं. तीपण कुठं गेली देव जाणे!"

हंबीररावांनी तिची नजर चुकवून खिडकीकडे तोंड फिरवलं. कारण सत्तावीस नंबरची सायकल खाली, त्यांच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, धूळ बसू नये म्हणून ताडपत्रीने झाकून, साखळीने बांधलेली होती!

हंबीरराव काही चोर नव्हते. शहरात या सायकली आल्या तेव्हा सगळ्यांसारखे तेही मोबाइलवरून कुलूप उघडून त्या वापरू लागले, औषधाला, भाजीला. एके सकाळी अंबूबाईंची रक्तदाबाची गोळी संपली आणि स्टँडवर एकही सायकल नव्हती. दुकानापर्यंत ते अक्षरशः पळत गेले. त्या दिवशी त्यांच्या मनात धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी मिळालेली सायकल त्यांनी परत लावलीच नाही. पुढे तिच्या कुलपातली बॅटरी उतरली, कुलूप उघडंच राहिलं आणि त्यांनी स्वतःची साखळी घातली. रोज ते तिला पुसायचे, तेल द्यायचे, हवा भरायचे. 'लोक नुसती आपटतात. माझ्याकडं निदान नीट तरी हाय,' असं ते मनाला समजावत.

व्यायाम संपवून निघताना सुंदरी चाचरत म्हणाली, "काका, पुढच्या सोमवारपासून मला एक घर सोडावं लागेल. चालत पाच घरं होत नाहीत. तुमचं घर सगळ्यांत लांब पडतं. दुसरं कुणी मिळतंय का बघा."

अंबूबाईंनी चांगल्या हाताने तिची बाही घट्ट धरली. "आत्ता कुठं... चालाय लागलीया गं मी," त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

हंबीररावांना घरात थांबवेना. ते तडक सायकल स्टँडवर गेले. तिथे सायकली दुरुस्त करणारे आदगोंडा अण्णा पंक्चर काढत बसले होते.

"सायकली का नसत्यात हितं?" हंबीररावांनी विचारलं. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाची तरी चूक निघावी, असं त्यांना आतून वाटत होतं.

"या भागात चाळीस आल्या व्हत्या साहेब. आता चौदा फिरत्यात."

"बाकीच्या मोडल्या?"

"मोडलेल्या चार हायत, त्या दुरुस्त व्हतील. बाकीच्या घराघरात हायत. कुलपाची बॅटरी उतरली की आमाला ठावठिकाणा कळत न्हाई."

"म्हंजे चोरट्यांनी न्हेल्या."

अण्णा हसले. "असली रंगवलेली, नंबर घातलेली सायकल चोर कशाला न्हेतोय? चांगल्या घरची माणसं न्हेत्यात. कुणाच्या पोरीचा क्लास असतोय, कुणाचं गुडघं दुखत असत्यात. कारण खोटं नसतंय कुणाचंच."

हंबीरराव जरा पुढे वाकले. "समजा, एखाद्यानं लय नीट संभाळली असंल तर? तेलपाणी करून, पुसून?"

अण्णांनी हातातली ट्यूब खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "सायकल पुसून ठेवायला आलेली न्हाई, साहेब. ती दिवसाला धा माणसांना पोचवती. तुमी घरात बांधली की ती एकाला पोचवती आणि नवांना उन्हातनं चालवती. ते नऊ कोण, हे तुमाला दिसत न्हाई, एवढंच. तुमी फौजेतलं दिसताय. ट्रकात जागा असताना एकटंच बसून बाकीच्या जवानांना चालत या म्हणाला असता काय?"

हंबीरराव तसेच माघारी वळले. ते घरी आले, साखळी सोडली आणि भर दुपारी सायकल हाताने ढकलत स्टँडवर घेऊन गेले. ओळखीचे लोक बघत होते.

"ही घ्या," ते अण्णांना म्हणाले. "महिनाभर माझ्याकडं व्हती. तक्रार लिवायची असली तर माझं नाव घाला. सुभेदार हंबीरराव."

"नाव घालून मला काय मिळणार?" अण्णा म्हणाले. "बॅटरी बदलतो. सांजच्याला रस्त्यावर येईल."

दुसऱ्या दिवशी साडेआठला पाच मिनिटं कमी असताना सुंदरी हसत आत आली. "काका, सत्तावीस नंबर मिळाली!"

गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. पण हंबीरराव उठून उभे राहिले. "पोरी, ती सायकल महिनाभर मीच खाली बांधून ठेवली व्हती."

सुंदरीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "आणि उशीर झाला म्हणून रोज मलाच बोलत होता?" तिचा आवाज कापत होता. "मागच्या आठवड्यात एक आजोबा माझी वाट बघून एकटेच उठायला गेले नि पडले. हाड मोडलं नाही म्हणून बरं! त्यांच्या घरातले मला काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला?"

ज्या माणसाने कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, त्याने त्या मुलीपुढे हात जोडले. "चुकलं माझं. लय चुकलं."

खुर्चीतून अंबूबाईंचा अडखळता आवाज आला. "आवं... माझ्यासाठी बांधली. आन् माझ्याच... पोरीची वाट अडिवली."

किती खरं होतं ते! मग सुंदरीने डोळे पुसले. "चला काकू, उभ्या राहा," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती हंबीररावांशी एक शब्दही बोलली नाही. मात्र सोमवारी ती आली, आणि त्यानंतर रोज येत राहिली.

हंबीरराव तेवढ्यावर थांबले नाहीत. आदगोंडा अण्णांना बरोबर घेऊन ते संध्याकाळी आसपासच्या इमारतींमधून फिरू लागले. कुणाच्या दारात गेले की ते आधी स्वतःची चूक सांगत, मगच पार्किंगमधल्या सायकलीचा विषय काढत. एकाने तोंडावर दार लावलं, एकाने "तुम्ही कोण विचारणारे?" म्हणून सुनावलं. पण फौजेतला हा ताठ म्हातारा स्वतःहून कबुली देतोय म्हटल्यावर बरेच जण ओशाळले. पंधरा दिवसांत अकरा सायकली स्टँडवर परत आल्या. त्यातल्या दोन तर रात्रीतून कुणीतरी गुपचूप आणून लावल्या होत्या.

दिवाळीच्या आधी अंबूबाई सुंदरीचा हात धरून, एकेक पायरी मोजत, पहिल्यांदा दोन मजले उतरून अंगणात आल्या. हंबीरराव मागे उभे होते.

वाचकहो, सार्वजनिक वस्तू फोडणारा माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो. ती प्रेमाने घरात नेऊन ठेवणारा मात्र ओळखू येत नाही, कारण पुष्कळदा तो आपण स्वतःच असतो. आपली गरज खरी असते, पण दारापलीकडच्या माणसाची गरजही तितकीच खरी असते. जे सर्वांचं आहे ते आपलं काम झाल्यावर जागेवर परत ठेवणं, हीच त्याची खरी राखण. तुमच्या जिन्याखाली असं काही बांधलेलं असेल तर ते आजच सोडा. कुणीतरी कुठेतरी त्यासाठी पायपीट करत असेल.