उभं राहायचा नियम

गोवर्धन सरांनी डस्टर टेबलावर आपटलं आणि रागिणी मुकाट्यानं उभी राहिली. राजापेठेतल्या त्या इंग्रजीच्या क्लासचा नियमच होता, तोंडातून वऱ्हाडी निघाली की तास संपेपर्यंत उभं राहायचं.

काय चुकलं होतं तिचं? सर ‘गेट’ शिकवत होते. मिळालं तरी गेट, पोचलं तरी गेट, समजलं, आणलं, म्हातारं झालं, राग आला, सगळीकडं आपलं गेटच! ती शेजारच्या आचलला एवढंच म्हणाली होती, “मले तर हा शब्द आलूवानी वाटते. कोन्त्याबी भाजीत टाका.”

सगळे हसले. सरांना तेवढं झोंबलं.

“ही भाषा घेऊन अकोल्याला जाणार तू? दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटना मले-तुले करणार?”

रागिणीच्या अंगाची लाही लाही झाली. पण अकोल्याची ती नोकरी तिला हवी होती, आणि क्लासमधून कोणाचं नाव पाठवायचं ते सरांच्या हातात. अडला हरी, गाढवाचे पाय धरी!

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात जड पिशवी. जिना चढून त्याला धाप लागली होती, पण सरांना पाहताच तोंडभर हसला.

“गोवर्धन, चांदूर बाजारून येऊन राह्यलो बाप्पा. तुह्या मायनं संत्रे धाडले.”

सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आवाज साफ केला.

“काका, तास चालू आहे. आपण बाहेर थांबा.”

काका! तेच नाक, तेच पुढं आलेले कान, आणि म्हणे काका! म्हातारा गोंधळला. पिशवी या हातातून त्या हातात घेत पोराला म्हणाला, “बरं जी,” आणि वळला.

त्या ‘जी’नं रागिणीचं डोकंच फिरलं. सख्ख्या बापाची लाज वाटते मेल्याला? गेली ती नोकरी खड्ड्यात.

“थांबा बाबाजी!” ती मोठ्यानं म्हणाली. “या, इथं बसा. माही खुर्ची रिकामीच हाय.”

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं, की अकोल्याचं नाव आता विसरायचं हे तिला कळलं. तिनं नजर हटवली नाही.

म्हातारा अवघडून खुर्चीच्या कडेला टेकला. पिशवी मांडीवर घेतली. मग वर बघून हळूच म्हणाला, “तू काहून उभी वं बाई?”

“वऱ्हाडी बोलली म्हणून जी. इथला नियम हाय.”

“असं काय!” म्हातारा लगबगीनं गुडघ्यावर हात देत उठायला लागला. “मंग मीबी उभा राह्यतो. मले दुसरी येतच नाही.”

“बसा न बाबा! काहून उठता?”

सरांच्याच तोंडून निघालं ते. वर्गात कोणी हसलं नाही. सगळे नुसते सरांकडं बघत राहिले.

सरांनी मागं आपल्या खुर्चीकडं पाहिलं, पण बसले नाहीत. तास संपायला बराच वेळ होता.