वनाचा डोळा

दाखला मिळू नये म्हणून यशोदाबाईचा जीव वरखाली, आणि मिळाला नाही तर चूल कशी पेटायची म्हणूनही वरखालीच. बाईमाणसाने करावं तरी काय?

तिचा नवरा वना हा रिखबचंद शेठच्या कापसाचा ट्रक चालवी. लायसन्स नवं करायचं तर डॉक्टरचा दाखला लागे, म्हणून दोघं ट्रक घेऊनच धुळ्याला आली होती. वनाला भरदुपारी झोप येई. हातातला घास हातातच राही. एका श्रावणात कानबाईच्या जागरात तो घोरला होता, तेव्हापासून देवी कोपली, असं यशोदाबाईने मनाशी पक्कं धरलं. नवस बोलली, उपास केले आणि तोंडाला कुलूप लावलं. देवीचा कोप काय डॉक्टरला सांगायचा असतो होय?

डॉक्टरांनी डोळे तपासले, फिट येते का विचारलं, मग तिलाही विचारलं, याला काही आजार? नाही म्हणाली. तिच्या लेखी ते खरंच होतं. त्यांनी सही ठोकली.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे वनाची मान कलली. समोर बैलगाडी, गाडीत बायका, पोरं. यशोदाबाई ओरडली, त्याच्या दंडाला कचकन चिमटा काढला. ब्रेक लागला तेव्हा गाडीत मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचं तान्हं पोर तिला हात लांबवून उचलता आलं असतं.

गाडीवान शिव्या घालत निघून गेला. आपण जागेच होतो, बैलच आडवे आले, असं वना तावातावाने सांगू लागला. तो नेहमी असंच म्हणे, आणि तीही मान डोलवी. आज तिची मान हलली नाही. वना बोलता बोलता थांबला.

"मना डोया लागेल व्हता का?"

"हा. लागेल व्हता. आजच नही, कैकदा."

वनाचा चेहरा पांढराफटक पडला. ट्रक कडेला घेऊन त्याने इंजिन बंद केलं. आजवर त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि जिने सांगायचं ती देवीला घाबरून गप्प बसली होती. त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"मी मांगीन तरी दिऊ नको," म्हणाला, आणि दाखला परत करायला पायीच धुळ्याकडे निघाला.