गोपनीय अहवालाची प्रत

दादाला गाडीने उडवलं, त्याच्या तिसऱ्याच दिवशी वकिलाचा एक दलाल हॉस्पिटलात उगवला. चेहरा सुतकी, बगलेत फाईल. दादाचा पाय मोडलाय हे आम्ही अजून आईलाही सांगितलं नव्हतं. याला मात्र कुठला पाय, किती ठिकाणी, सगळं पाठ. पोलिसांच्या अपघात अहवालातूनच त्याने वहिनीचा नंबर काढला होता. वकीलपत्रावर सही करा म्हणून तो तिच्यापुढे पेन नाचवायला लागला, तेव्हा मी त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले. गडबडीत अहवालाचं पहिलं पान खुर्चीवर विसरला, इतका हुशार.

त्या पानावर चूक दादाची ठरवली होती. पूर्ण अहवाल हवा म्हणून मी दादाचं अधिकारपत्र घेऊन पोलीस ठाण्यात गेले. रेकॉर्डचा कारकून कानात काडी फिरवत म्हणाला की अहवाल गोपनीय असतो, कोर्टाचा आदेश आणा. लोकांची खाजगी माहिती जपणं ही केवढी जबाबदारी, तेही त्याने मला समजावलं. मी ते पान त्याच्यापुढे ठेवलं.

"मग हे काय आमच्या घरी छापलं?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. पानाच्या कोपऱ्यात त्याचीच सही होती. चोरून देतानाही हात सवयीने सही करून मोकळा झाला होता.

मी लेखी तक्रार घेऊन थेट साहेबांकडे गेले. त्यांनी नोंदवही मागवली. दलालाला मिळालेल्या त्या प्रतीसाठी तिच्यात कुणाचाच अर्ज नव्हता. दहा मिनिटांत त्याच कारकुनाने प्रत्येक पानावर शिक्का मारून पूर्ण अहवाल माझ्या हातात दिला. कोर्टाचा आदेश कुणाला आठवला नाही.

आमच्या वकीलबाईंनी पहिलं पान बाजूला सारलं. "हे लिहिणारा हवालदार अपघातानंतर पाऊण तासाने पोचला. त्याने काही पाहिलंच नाही, त्याचं मत कोर्टात चालत नाही. साक्षीदार कोण आहे ते बघू."

दुसऱ्या पानावर अपघाताच्या जागेसमोरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याचं नाव होतं. ड्रायव्हर फोनवर बोलत होता, हे त्याने कोर्टात शांतपणे सांगितलं. निकाल दादाच्या बाजूने लागला. पाय थोडा आखूड राहिला तो राहिलाच.

कारकुनाला चौकशीत ताकीद मिळाली आणि टेबल बदललं. आता तो हरवलेल्या वस्तूंच्या नोंदी घेतो. निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात तो दलाल हात जोडून पुढे आला. वहिनीचं अभिनंदन करून म्हणाला, पुढच्या वेळी आम्हाला आठवा.

वहिनीने दादाची कुबडी नीट धरली आणि दादाला घेऊन त्या दलालाला ओलांडून गेली.